परीक्षा मोटारीची आणि परीक्षकाची

कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत शेजारीं शेजारीं ठेवून पाहण्याजोगीं दोन विधानें आहेत. वजनमापांवर देखरेख करणाऱ्या अध्यक्षानें व्यापाऱ्यांच्या मापांची दर चार महिन्यांनीं तपासणी करून त्यांवर मुद्रा उठवावी आणि ज्याच्या मापावर ती नसेल त्याजकडून सव्वासत्तावीस पण दंड घ्यावा, असें एके ठिकाणीं सांगितलें आहे. दुसऱ्या ठिकाणीं असें म्हटलें आहे कीं, बैलाची वेसण तुटून अथवा गाडीचें जूं मोडून कोणास इजा झाली, तर गाडी हांकणारा दंडास पात्र नाहीं. धान्य मोजणाऱ्या मापाची परीक्षा वर्षांतून तीनदां. परंतु माणसाच्या अंगावर जाऊं शकणाऱ्या गाडीचें जूं मात्र दैवाच्या हवालीं!

बैलगाडीच्या वेगानें चालणाऱ्या जगांत हें खपून गेलें. आज टनभर वजनाची मोटार ताशीं शंभर किलोमीटर वेगानें धांवत असतां तिचा ब्रेक निकामी झाला, तर ‘जूं मोडलें’ ही सबब कोणी ऐकून घेत नाहीं. मोडण्यापूर्वीं तें कोणीं पाहिलें होतें काय, असा उलट प्रश्न येतो. या प्रश्नाला निरनिराळ्या राष्ट्रांनीं जीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत, त्यांचा परामर्श या महिन्यांत घेण्याचें योजिलें आहे. विषय यंत्रांचा दिसला, तरी ज्याचें सारें आयुष्य परीक्षा घेण्यांत गेलें त्या शिक्षकास तो परका वाटत नाहीं. परीक्षा केव्हां घ्यावी, ती कोणीं घ्यावी, आणि तिच्यापासून लाभ काय, हे तिन्ही प्रश्न जसे शाळेचे, तसेच मोटारीचेहि आहेत.

प्रथम इंग्लंडकडे पाहूं. तेथें अर्नेस्ट मार्पल्स हे परिवहनमंत्री असतां, १९५६ च्या कायद्याच्या आधारें, १९६० सालीं मोटारींची सक्तीची तपासणी सुरू झाली. खात्याचें नांव ‘मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट’. त्याच्या आद्याक्षरांवरून लोक या परीक्षेस ‘एम्. ओ. टी.’ म्हणूं लागले. पुढें त्या नांवाचें खातें उरलें नाहीं. परीक्षेचें नांव मात्र लोकांच्या तोंडीं कायम राहिलें. आरंभीं दहा वर्षांहून जुन्या गाड्याच तपासावयाच्या होत्या, आणि त्याहि ब्रेक, दिवे व स्टिअरिंग एवढ्याच बाबतींत. परंतु तपासणीस आलेल्या गाड्यांपैकीं इतक्या नापास झाल्या कीं, १९६१ सालीं ही मर्यादा सात वर्षांवर आणि १९६७ सालीं तीन वर्षांवर आणावी लागली. वरच्या इयत्तेंतील मुलें धडाधड नापास होऊं लागलीं म्हणजे खालच्या इयत्तांत काय चाललें आहे तें पाहावें लागतें, त्यांतलाच हा प्रकार. आज तेथें नव्या मोटारीची पहिली परीक्षा तीन वर्षांनीं व नंतर दर वर्षीं होते. ही पहिली परीक्षा चार वर्षांनीं घ्यावी काय, असा विचार सरकारनें २०२३ सालीं लोकांपुढें मांडला होता. परंतु २०२४ च्या आरंभीं तो सोडून देण्यांत आला.

२०१८ सालापासून तेथें दोषांची प्रतवारीहि करतात: किरकोळ, मोठा आणि धोकादायक. किरकोळ दोष असला तर गाडी उत्तीर्ण होते, मालकास फक्त सूचना मिळते. मोठा दोष असला तर नापास. आणि धोकादायक असला तर तो दुरुस्त झाल्यावांचून गाडी रस्त्यावर आणावयाची नाहीं. टायरवरील खांचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षां कमी झाली कीं गाडी नापास. मात्र एंजिन, क्लच व गिअरबॉक्स यांची स्थिति या परीक्षेंत पाहत नाहींत. गाडी चांगली चालते कीं नाहीं हा मालकाचा प्रश्न. ती वेळेवर थांबते कीं नाहीं हा सर्वांचा प्रश्न, असा हा विवेक आहे.

आतां ही परीक्षा घेतो कोण? इंग्लंडांत सरकारनें परवानगी दिलेले खासगी गॅरेजवालेच ती घेतात. जो दोष काढतो तोच पैसे घेऊन तो दुरुस्तहि करूं शकतो. आमच्या व्यवसायाच्या भाषेंत सांगावयाचें तर शिकवणी घेणारा आणि पेपर तपासणारा एकच! अशा ठिकाणीं दोन प्रकारचे मोह संभवतात. गिऱ्हाईक तुटूं नये म्हणून नापासास पास करणें हा एक. आणि काम मिळावें म्हणून पासास नापास करणें हा दुसरा. यावर इंग्रजांचा उपाय असा कीं, परीक्षकांवर सरकारी निरीक्षक नेमावयाचे आणि लबाडी उघडकीस आल्यास परवाना काढून घ्यावयाचा. शिवाय गाडीचा नोंदणीक्रमांक ठाऊक असला, तर तिच्या मागील परीक्षांचे निकाल कोणासहि पाहतां येतात. जुनी गाडी विकत घेणाऱ्यास ही मोठीच सोय आहे. विकणाऱ्याच्या शपथेपेक्षां तिचें प्रगतिपुस्तक अधिक बोलकें असतें.

त्याच राज्यांतील उत्तर आयर्लंड या भागांत मात्र रीत निराळी. तेथें पहिली परीक्षा चार वर्षांनीं, आणि ती सरकारी केंद्रांतच होते. सरकारी केंद्रास दुरुस्तीचें काम मिळवावयाचें नसतें, त्यामुळें वरील दोन्ही मोह टळतात. परंतु त्या पद्धतीचेंहि एक दुखणें आहे, तें २०२० च्या जानेवारींत दिसून आलें. गाडी उचलून धरणाऱ्या ज्या लिफ्टांवर चढवून तपासणी करीत, त्या ५५ लिफ्टांपैकीं ४८ लिफ्टांत तडे जात असल्याचीं चिन्हें आढळलीं. त्यामुळें मोटारींच्या परीक्षा थांबवाव्या लागल्या आणि लोकांना मुदतवाढीचीं प्रमाणपत्रें देण्याची पाळी आली. परीक्षकाचें आसनच परीक्षेंत नापास झालें. सर्व परीक्षा एकाच हातीं असल्या कीं तो एक हात दुखावतांच साऱ्यांचाच खोळंबा होतो.

जर्मनीची कथा मोटारीपासून नव्हे, बॉयलरपासून सुरू होते. १८६५ सालीं मानहाइम येथील मद्याच्या एका कारखान्यांत बॉयलर फुटला. त्यानंतर १८६६ सालीं बाडेन प्रांतांतील बॉयलरच्या मालकांनीं स्वतःच एक संस्था काढली आणि आपापल्या बॉयलरांची जाणत्या अभियंत्याकडून नियमानें तपासणी करविण्याचें ठरविलें. जर्मनींत इतरत्रहि अशा संस्था निघाल्या. पुढें बॉयलरांबरोबर इतर यंत्रें आलीं, मोटार आली. या परंपरेंतून निघालेल्या संस्थांना लोक ‘ट्यूफ’ म्हणतात, आणि तेथें मोटारीच्या परीक्षेलाहि बोलण्यांत तेंच नांव पडलें आहे. १९५१ सालीं ही नियमित तपासणी सक्तीची झाली. नव्या मोटारीस तीन वर्षांनीं, नंतर दर दोन वर्षांनीं परीक्षा. १९६१ सालापासून उत्तीर्ण गाडीच्या क्रमांकाच्या पाटीवर एक वाटोळी चकती चिकटवितात. चकतीच्या रंगावरून मुदत संपण्याचें वर्ष आणि तिच्या शिरोभागीं आलेल्या आंकड्यावरून महिना समजतो. रंग सहा, ते क्रमानें फिरतात. पोलिसास कागद मागावा लागत नाहीं. दुरून दृष्टि टाकली कीं पुरे.

तेथील रीतीचा गाभा असा कीं, तपासणाऱ्या संस्था दुरुस्ती करीत नाहींत. मोटार कोणाच्याहि गॅरेजांत तपासण्यास उभी राहो, सही मात्र त्रयस्थ अभियंत्याची. माझा एक जुना विद्यार्थी म्यूनिकला नोकरीस आहे. त्यानें तेथें हौसेनें एक जुनी मोटार घेतली. ती पहिल्याच परीक्षेंत नापास झाली. खालच्या पत्र्यास गंज आणि एका मागच्या चाकाचा ब्रेक दुबळा. दुरुस्त करून महिन्याच्या आंत पुन्हां दाखविण्याची तेथें मुभा असते, त्याप्रमाणें त्यानें केलें. खर्च बराच आला. पत्रांत प्रथम दोन परिच्छेद भरून कुरकूर होती. शेवटीं मात्र त्यानें लिहिलें होतें: ‘गुरुजी, मागच्या बाकावर मुलगी बसते. ब्रेक दुबळा आहे हें मला कधींच कळलें नसतें.’ या एका वाक्यासाठीं मीं त्याच्या तक्रारीचे ते दोन परिच्छेद माफ केले.

जपानांत या परीक्षेस ‘शाकेन’ म्हणतात. तिचा पाया १९५१ च्या कायद्यांत आहे. खासगी मोटारीस पहिली परीक्षा तीन वर्षांनीं व पुढें दर दोन वर्षांनीं; २५० घनसेंटिमीटरपर्यंतच्या मोटारसायकलींस ती माफ आहे. वेळापत्रक जर्मनीसारखेंच, परंतु जपानी माणसास ती जी जड वाटते तिचें कारण असें कीं, परीक्षेच्या वेळींच गाडीच्या वजनावरचा कर आणि सक्तीच्या विम्याचा हप्ता भरावा लागतो. हे सर्व मिळून एकदमच मोठी रक्कम होते, आणि पुष्कळ लोक असा विचार करतात कीं, एवढे पैसे घालण्यापेक्षां जुनी विकून नवी घ्यावी. मग त्या चांगल्या स्थितींतील जुन्या गाड्या जहाजांत बसून न्यूझीलंडला, आफ्रिकेंतील देशांत आणि इतरत्र जातात. एका देशांतील परीक्षेच्या धाकानें दुसऱ्या देशाचा बाजार भरतो, हें अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं टिपून ठेवण्यासारखें आहे.

अमेरिकेची गोष्ट या सर्वांहून वेगळी. १९६६ च्या कायद्यान्वयें तेथील मध्यवर्ती सरकारनें राज्यांना तपासणी सुरू करण्यास भाग पाडण्याचें मनावर घेतलें होतें. न करणाऱ्यांचें रस्त्यांसाठींचें अनुदान रोखण्याचा अधिकारहि हातीं होता. १९७६ सालीं तेथील कायदेमंडळानें तो अधिकारच काढून घेतला. तेव्हांपासून हा प्रश्न ज्या त्या राज्याच्या मर्जीवर आहे, आणि एकामागून एक राज्यें परीक्षा सोडून देत आलीं आहेत. डेलावेअर नदीच्या एका तीरावर पेन्सिल्व्हेनिया. तेथें मोटारीची दर वर्षीं तपासणी होते. दुसऱ्या तीरावर न्यूजर्सी. तेथें २०१० सालापासून खासगी मोटारीचा धूर तपासतात, पण ब्रेक व स्टिअरिंग पाहणें सोडून दिलें आहे. नदी एक, पूल एक, आणि पुलावरून दोन्हीकडच्या मोटारी शेजारीं शेजारीं धांवतात! टेक्सस राज्यानेंहि १ जानेवारी २०२५ पासून खासगी मोटारींची सुरक्षा-तपासणी बंद केली. मात्र तपासणीनिमित्त राज्याकडे जमा होणारे साडेसात डॉलर ‘तपासणीऐवजीं आकार’ म्हणून नोंदणीच्या वेळीं घेणें चालूच ठेवलें. परीक्षा गेली, फी राहिली.

येथें वाचक हंसतील. परंतु परीक्षा सोडणाऱ्यांचा पक्ष पोरकट नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. नॉर्वेंत याविषयीं एक मोठा प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त १९९२ सालीं प्रसिद्ध झाला. २,०४,००० मोटारी घेऊन चिठ्ठ्या टाकाव्या तशा त्यांच्या तीन तुकड्या केल्या. ४६,००० मोटारींची तीन वर्षें दर वर्षीं तपासणी केली; ४६,००० मोटारींची तीन वर्षांत एकदांच; आणि उरलेल्या १,१२,००० मोटारींची मुळींच केली नाहीं. दर वर्षीं तपासलेल्या गाड्यांची स्थिति सुधारली. परंतु तिन्ही तुकड्यांतील अपघातांच्या प्रमाणांत फरक आढळला नाहीं! अमेरिकेच्या सरकारी हिशेबतपासणी कार्यालयानेंहि २०१५ सालीं या विषयाचा धांडोळा घेतला. गाडीचा एखादा भाग निकामी होणें हें शेंकडा सुमारें २ ते ७ अपघातांत एक कारण असतें, असें त्यांस आढळलें. पण तपासणीमुळें अपघात किती घटतात हें निश्चित सांगतां आलें नाहीं. दुसरा आक्षेप न्यायाचा आहे. जुनी गाडी बहुधा गरिबाची असते. परीक्षेचा व दुरुस्तीचा भार श्रीमंताच्या नव्या गाडीवर न पडतां त्याच्यावर पडतो.

या पुराव्याचा अर्थ काय करावयाचा? मला असें वाटतें कीं, त्यानें परीक्षेची मर्यादा सिद्ध होते, निरर्थकता नव्हे. बहुतेक अपघात माणसाच्या चुकीनें होतात. ती चूक गाडीच्या तपासणीनें जाणार नाहीं. शिवाय परीक्षा एका दिवसाची, प्रवास वर्षभराचा. शाळातपासणीच्या आदल्या दिवशीं भिंतींना चुना आणि फळ्यांना काळा रंग लागतो, नकाशे खुंटीवर येतात. साहेबांची पाठ फिरली कीं नकाशे पुन्हां कपाटांत. मोटारीचेंहि तसेंच आहे. आज पास झालेला टायर चार महिन्यांनीं गुळगुळीत होऊं शकतो. तरीहि शेंकडा दोन म्हणजे शून्य नव्हे. २०२२ सालीं आपल्या देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्युमुखीं पडलीं. अमेरिकेचें प्रमाण आपणांस जसेंच्या तसें लावतां येणार नाहीं. परंतु केवळ समजुतीकरितां शेंकडा दोन धरले, तरी ती संख्या ३,३७० च्या घरांत जाते. एवढीं घरें ज्या कारणानें उघडीं पडूं शकतात, त्यास क्षुल्लक म्हणण्याचें धैर्य मला तरी नाहीं. आणि स्वतः नॉर्वेनेंहि पुढें १९९० नंतरच्या दशकांत युरोपच्या नियमांप्रमाणें नियमित तपासणी स्वीकारली. युरोपीय संघाचा २०१४ चा नियम असा आहे कीं, पहिली परीक्षा चार वर्षांनीं व नंतर दर दोन वर्षांनीं ही किमान मर्यादा. याहून कडक करण्यास प्रत्येक देश मोकळा.

आतां आपल्या घराकडे वळूं. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानें भाड्याच्या व मालाच्या वाहनांस, तसेंच शाळांच्या बसगाड्यांस, योग्यतेचें प्रमाणपत्र आवश्यक केलें आहे. नव्या वाहनास तें दोन वर्षांचें मिळतें. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनीं आणि त्यापुढें दर वर्षीं त्याचें नूतनीकरण व्हावें लागतें. परंतु आपल्या खासगी मोटारीची नोंदणी एकदम पंधरा वर्षांची होते; त्यानंतर नूतनीकरण पांच पांच वर्षांचें, आणि तेव्हां कोठें तपासणी. मधल्या काळांत कायद्यानें तिच्यापासून मागितलेली नियमित परीक्षा एकच, ती धुराची. म्हणजे आपल्या मोटारीच्या नळींत वर्षांवर्षाला कांडी घालून पाहतात, आणि तिच्या ब्रेककडे पंधरा वर्षें कोणी सरकारी डोळ्यानें पाहत नाहीं. तिच्या श्वासाची काळजी आहे, तिच्या पायांची नाहीं! मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावर मात्र परीक्षा झालेली बस आणि न झालेली मोटार एकाच पट्ट्यांतून धांवतात.

ज्यांची परीक्षा होते त्यांची तरी ती नीट होते काय, हाहि प्रश्न आपल्या राज्यांत न्यायालयापर्यंत गेला. एका लोकहितयाचिकेवर मुंबई उच्च न्यायालयानें २०१६ सालीं राज्य सरकारास परिवहन कार्यालयांसाठीं ब्रेकच्या चांचणीचे २५० मीटर लांबीचे मार्ग बांधण्यास फर्माविलें. ज्या कचेरीपाशीं गाडी पळवून थांबविण्यास जागाच नाहीं, तेथें ब्रेकची परीक्षा कशी होत असेल, याची कल्पना वाचकांनीं करावी. २०२१ सालीं केंद्र सरकारनें यंत्रांकडून तपासणी करणाऱ्या स्वयंचलित केंद्रांचे नियम केले. ब्रेकचा जोर यंत्र मोजतें, आंकडा नोंदतें, आणि यंत्रास चहापाण्याची अपेक्षा नसते, हा त्यांतील मोठा लाभ. परंतु यंत्रापुढें गाडी आणतो तो माणूस आणि निकालावर सही करतो तोहि माणूस. तेव्हां यंत्र आलें म्हणून परीक्षकाची परीक्षा संपत नाहीं. उत्तर आयर्लंडांतील लिफ्टांची गोष्ट विसरतां कामा नये.

या सर्व राष्ट्रांच्या अनुभवांतून मला तीन गोष्टी निष्पन्न होतांना दिसतात. पहिली ही कीं, परीक्षा वर्षांनीं होते कीं दोन वर्षांनीं, यापेक्षां परीक्षक त्रयस्थ आहे कीं नाहीं हें अधिक महत्त्वाचें. या बाबतींत जर्मनांचा कित्ता गिरविण्यासारखा आहे. दुसरी ही कीं, खासगी मोटारीस पंधरा वर्षें मोकळी सोडणें आतां योग्य नाहीं. चौथ्या-पांचव्या वर्षापासून ब्रेक, टायर, स्टिअरिंग व दिवे एवढ्या चारच गोष्टी दर दोन वर्षांनीं पाहिल्या, आणि फी हलकी ठेवली, तर गरिबावरहि फार भार पडणार नाहीं. जपानप्रमाणें तिच्या गळ्यांत सारे कर बांधूं नयेत, म्हणजे लोकांना परीक्षेचाच तिटकारा येणार नाहीं.

तिसरी गोष्ट सरकारची नव्हे, गृहस्थाची आहे. कायदा होईल तेव्हां होवो. तोंवर आपल्या घरची परीक्षा आपणांस घेतां येते. टायरच्या बाजूस चार आंकड्यांची एक खूण असते. पहिले दोन आंकडे वर्षांतील आठवडा, पुढचे दोन वर्ष सांगतात. टायर किती म्हातारा झाला, हें त्यावरून मुलांनाहि वाचतां येईल. टायरच्या खांचांच्या तळाशीं लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीस आला कीं त्याची सेवा संपली. ब्रेकमधील तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें, म्हणून साधारणपणें दोन वर्षांनीं तें बदलून घ्यावें. संध्याकाळीं गाडी भिंतीसमोर उभी करून एकानें आंत बसावें, दुसऱ्यानें बाहेरून पुढचे-मागचे दिवे पाहावे. घाट चढण्यापूर्वीं चाकांतील हवा भरून घ्यावी. या कामास अर्धा तास पुरतो, आणि घरांतील दहा-बारा वर्षांचें मूल हातीं धरून केलें तर त्याचें शिक्षणहि होतें.

जो विद्यार्थी रोज अभ्यास करतो त्याला वार्षिक परीक्षेचें भय नसतें, असें आम्हीं वर्गांत हजारदां सांगितलें. मोटारीच्या मालकासहि याहून वेगळें सांगावयाचें नाहीं. मात्र सर्वच विद्यार्थी रोज अभ्यास करीत नाहींत, म्हणून परीक्षा ठेवावी लागते. आणि सर्वच परीक्षक निःस्पृह नसतात, म्हणून त्यांच्यावरहि कोणाचा तरी डोळा असावा लागतो. वेसण तुटण्यापूर्वीं ती हातानें ओढून पाहणें, एवढेंच यांत करावयाचें आहे.